प्रोग्रॅममध्ये रँडम नंबर काढताना: सीडपासून सोडतीपर्यंत, क्रमाने

सांगलीत विश्रामबागेत मी प्रोग्रॅमिंगचे क्लास घेतो. दर वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस एकाच कामाची पोरं येतात. मंडळाच्या लकी ड्रॉचा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. "सर, एकदा नजर टाका, चालतंय सगळं." चालतंय हीच तर अडचण आहे. कंस विसरला तर कंपायलर ओरडतो, फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅम बंद पडतो. पण रँडम नंबर चुकला तर कुणीच काही बोलत नाही. स्क्रीनवर एक आकडा येतो, आणि कुठलाही एकटा आकडा रँडमच दिसतो.

म्हणून इथे टप्पे क्रमाने दिले आहेत. तुमच्या कामाला लागणारा मधला एखादा गाळलात तर पुढचे बरोबर करूनही उपयोग नाही. (पुस्तकात 'यादृच्छिक' म्हणतात, क्लासात सगळे रँडमच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

## तयारी: कीबोर्डला हात लावण्याआधी

एका कागदावर तीन गोष्टी लिहा.

1. नंबर कुठून कुठपर्यंत हवेत? दोन्ही टोकं धरून की एक सोडून?
2. एकदा आलेला नंबर परत आला तर चालेल का?
3. पुढचा नंबर कुणी आधी ओळखला तर कुणाचं नुकसान होईल? आणि उद्या कुणी "दाखवा परत" म्हणालं तर तोच निकाल काढून दाखवावा लागेल का?

तिसऱ्या प्रश्नावर पोरं खांदे उडवतात. पण पहिला टप्पा तिथूनच सुरू होतो.

## टप्पा 1: काम ओळखा, मग जनरेटर निवडा

खेळ, सराव, सिम्युलेशन, नमुना निवड. इथे भाषेसोबत आलेला साधा जनरेटर, म्हणजे रँडम आकडे काढणारा कोड, पुरतो. पायथॉनचं रँडम मॉड्यूल घ्या, सी प्लस प्लसमध्ये मर्सेन ट्विस्टर हा तयार जनरेटर घ्या. सीचं जुनं रँड फंक्शन शक्यतो टाळा. का ते पुढे येईलच.

ओटीपी, पासवर्ड, लॉगिनची टोकनं, कूपन कोड. इथे साधा जनरेटर अजिबात चालत नाही. मर्सेन ट्विस्टरमधून ओळीने निघालेले 32 बिटांचे 624 आकडे एखाद्याच्या हाती लागले, तर पुढचे सगळे आकडे तो गणिताने काढू शकतो. जनरेटर बिघडलेला नाही, तो या कामासाठी बनवलेलाच नाही. पायथॉनमध्ये सिक्रेट्स मॉड्यूल (3.6 आवृत्तीपासून आहे), जावामध्ये सिक्युअररँडम, पीएचपी 7 पासून पुढे रँडम_इंट, ब्राउझरमध्ये क्रिप्टोमधलं गेट रँडम व्हॅल्यूज. हे सगळे ऑपरेटिंग सिस्टीमने गोळा केलेल्या अनिश्चिततेवर चालतात. यांना स्वतः सीड (सुरुवातीचा आकडा) देत बसू नका.

जाहीर सोडत. भिशीचा नंबर, मंडळाचा ड्रॉ, सोसायटीतलं पार्किंग. इथे दोन्ही हवं असतं: आधी कुणाला ओळखता येऊ नये आणि नंतर कुणालाही पडताळता यावं. त्यासाठी शेवटचा टप्पा आहे.

> सावधान: ओटीपी आकडा म्हणून साठवलात तर 004217 चा 4217 होतो आणि गिऱ्हाइकाला चारच अंक दिसतात. ओटीपी हा मजकूर आहे. पुढची शून्यं भरून सहा अक्षरं करूनच ठेवा.

## टप्पा 2: सीड एकदाच, सुरुवातीला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर जास्त वेळ घालवतो.

साधा जनरेटर म्हणजे ठरलेलं गणित. सुरुवातीला एक आकडा द्यायचा, तो सीड. तिथून पुढची अख्खी माळ ठरलेली. सीड तोच तर माळ तीच.

चूक पहिली: सीड दिलाच नाही. सीमध्ये एसरँड (सीड देणारं फंक्शन) न बोलावता रँड वापरलं, तर सीड 1 धरला जातो. विंडोजवर कोड ब्लॉक्समध्ये (सीचे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) चालवून बघा: 41, 18467, 6334. बंद करून परत चालवा, पहिले पाढे पंचावन्न. 1 ते 100 मध्ये बसवलं तर 42, 68, 35. हे तीन आकडे ज्याला पाठ आहेत, त्याने ड्रॉच्या आदल्या दिवशी कुठली तिकिटं घ्यायची हे वेगळं सांगायला नको.

चूक दुसरी: सीड लूपमध्ये. पहिली चूक कुणीतरी दाखवली की पोरगं 'एसरँड, कंसात टाइम' ही ओळ शोधून आणतं आणि नेमकी लूपच्या आत ठेवतं. टाइम फंक्शन 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतं. दहा विजेते काढायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. म्हणजे दहाही वेळा सीड तोच आणि दहाही वेळा नंबर तोच. एकाने यावर उपाय म्हणून लूपमध्ये एका सेकंदाची झोप घातली होती. निकाल वेगळे आले, गडी खूश!

त्या गड्यासाठी एक प्रयोग. त्याच विंडोजवर सीड 1, 2, 3, 4 द्या आणि दर वेळी फक्त पहिला नंबर छापा. 41, 45, 48, 51 असे येतात. या जनरेटरमध्ये सीड एकाने वाढला की पहिला आकडा फक्त तीन-चारने वाढतो. म्हणजे दर सेकंदाला नवा सीड देऊन काढलेले 'रँडम' नंबर प्रत्यक्षात जिना चढत होते.

चूक तिसरी: फंक्शनच्या आत 42. पायथॉनवाल्यांची. कुठल्यातरी धड्यातून 'सीड 42' ही ओळ उचलतात आणि चिठ्ठी काढणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत टाकतात. फंक्शन कितीही वेळा बोलवा, तीच चिठ्ठी. पायथॉनचं मॉड्यूल सुरू होतानाच ऑपरेटिंग सिस्टीमकडून सीड घेतं. तोच निकाल परत काढून दाखवायचा नसेल, तर सीडची ओळ लिहूच नका.

चूक चौथी: वेळेला गुपित समजणं. प्रोग्रॅम अमक्या दिवशी चालला एवढं माहीत असलं, तरी सेकंदाच्या सीडच्या शक्यता उरतात 86,400. लॅपटॉप एवढ्या शक्यता बघता बघता तपासतो.

योग्य क्रम असा:

1. मुख्य प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, कुठल्याही लूपच्या बाहेर, एकदाच सीड.
2. तो सीड छापा किंवा फाइलमध्ये नोंदवा.
3. पुढे सगळीकडे तोच एक जनरेटर वापरा. प्रत्येक फंक्शनमध्ये नवा करू नका.

काम अनेक प्रोसेसमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रतींमध्ये) वाटत असाल तर आणखी एक खड्डा आहे. लिनक्सवर नमपायचा (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) जुना, सगळ्यांचा सामायिक जनरेटर वापरून प्रोसेस फोडल्या, तर प्रत्येक पोरप्रोसेसला त्याच स्थितीची नक्कल मिळते. आठ प्रोसेस असतील तर आठही तेच आकडे काढतात. एका मूळ सीडपासून प्रत्येकीला वेगळा सीड काढून द्या. नमपायमध्ये त्यासाठी सीड सीक्वेन्स आहे.

> तपासणी: सीड ठरवून प्रोग्रॅम दोनदा चालवा, निकाल सारखाच हवा. मग सीड न ठरवता (सीमध्ये वेळेवरून देऊन) दोनदा चालवा, निकाल वेगळा हवा. पहिली तपासणी नापास झाली तर नावं पायथॉनच्या सेटमध्ये ठेवली आहेत का ते बघा. सेटमधल्या मजकुराचा क्रम प्रत्येक वेळी बदलू शकतो. सीड तोच असतो, पण खालची यादीच हललेली असते. यादी आधी क्रमाने लावा, मग निवडा.

## टप्पा 3: नंबर हव्या त्या मर्यादेत बसवा

आधी टोकं बघा. पायथॉनचं रँडइंट दोन्ही टोकं धरतं, रँडरेंज वरचं सोडतं. नमपायमध्येही रँडइंट नावाचं फंक्शन आहे, पण ते वरचं टोक सोडतं! नाव तेच, वागणं वेगळं. जावामध्ये नेक्स्टइंटला 10 दिलं तर 0 ते 9. सी प्लस प्लसचं पूर्णांकांचं एकसमान वाटप आणि एक्सेलचं रँडबिट्वीन दोन्ही टोकं धरतात. पाठ करू नका, दर वेळी तपासा: 1 ते 3 अशी छोटी मर्यादा द्या, हजार वेळा काढा, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा छापा.

जावास्क्रिप्टमध्ये 0 ते 1 मधला अपूर्णांक मिळतो. 0 येऊ शकतो, 1 कधीच नाही. 1 ते 10 साठी त्याला 10 ने गुणून फ्लोअरने खालच्या पूर्णांकावर उतरवा आणि 1 मिळवा. पुष्कळ जण 9 ने गुणून राउंड (जवळचा पूर्णांक) करतात आणि 1 मिळवतात. मग 1 आणि 10 यांना इतरांच्या निम्मीच संधी मिळते, कारण टोकाच्या आकड्यांच्या वाट्याला अर्धाच पट्टा येतो.

आता सीवाल्यांचा लाडका प्रकार: रँडला कूपनांच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. टर्बो सी असो की विंडोजवरचं नेहमीचं सी, रँड तिथे 0 ते 32767 एवढंच देतं. म्हणजे 32,768 शक्यता. आता मंडळाची कूपनं घ्या.

कूपनं 20,000 असतील तर पहिल्या 12,768 कूपनांना प्रत्येकी दोन संधी मिळतात आणि उरलेल्या 7,232 ना एकच. पहिल्या दिवशी पावती फाडणारा दुप्पट नशीबवान.

कूपनं 50,000 असतील तर 32,768 च्या पुढचं एकही कूपन कधीच लागत नाही. 17,232 पावत्या शुद्ध देणगी झाल्या. आणि निकाल बघणाऱ्या एकालाही हे कळत नाही.

संख्या लहान असेल तर फरक किरकोळ असतो. 1 ते 6 च्या फाशाला कुणी अडवणार नाही. पण सवय बरोबर लागावी. भाषेचं तयार फंक्शन असेल तर तेच वापरा. रँडच वापरायची सक्ती असेल, प्रॅक्टिकलच्या वहीत असते, तर उरलेला तुकडा टाकून द्या:

1. मर्यादा = 32768 वजा (32768 ला संख्येने भागून उरलेली बाकी)
2. रँडमधून आकडा घ्या
3. आकडा मर्यादेएवढा किंवा मोठा असेल तर फेका, पुन्हा 2 वर
4. उत्तर = (आकड्याला संख्येने भागून बाकी) अधिक 1

20,000 च्या बाबतीत मर्यादा 20,000 येते आणि शंभरातले सुमारे 39 आकडे फेकले जातात. फेकू द्या, संगणकाला घाम येत नाही. संख्या 32,768 पेक्षा मोठी असेल तर मात्र हीही युक्ती चालत नाही. तिथे जनरेटरच बदला.

## टप्पा 4: परत येऊ नये असं असेल तर

आधी एक गैरसमज. 1 ते 10 मधून पाच वेळा नंबर काढला तर दहापैकी सुमारे सात वेळा एखादा नंबर दोनदा येतोच. ही बिघाडाची खूण नाही. पोरं घाबरून 'मागचाच आला तर पुढचा घे' अशी ओळ घालतात आणि बरोबर चाललेलं बिघडवतात. परत येणं चालणार आहे की नाही हे तयारीच्या कागदावर लिहिलंय, त्यावरच ठरवा.

चालणार नसेल तर सॅम्पल वापरा, म्हणजे यादीतून परत न येणारे नंबर एकदम काढणारं पायथॉनचं फंक्शन. सांगलीचं उदाहरण घेऊ. मार्केट यार्डात हळदीच्या 400 पोत्यांची थप्पी आहे आणि 20 पोत्यांतून नमुना काढायचाय. 1 ते 400 मधून वीस वेळा सुटा नंबर काढलात तर शंभरात 38 वेळा एखादं पोतं दोनदा येईल आणि नमुने 19 किंवा त्याहून कमीच भरतील. यादीवर सॅम्पल चालवलं की वीसही वेगळी मिळतात.

इथली खरी चूक बहुतेक वेळा प्रोग्रॅमच्या बाहेर होते. पोत्यांवर नंबर टाकलेले नसतात, मग हमाल हाताशी आलेलं पोतं काढतो आणि कागदावर 217 लिहितो. आधी नंबर टाका, मग प्रोग्रॅम. 217 नंबरचं पोतं तळाशी असेल तर तळातूनच काढावं लागतं, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

कूपन कोडांचंही असंच. चार अंकी कोड सुटे काढत गेलात तर साधारण 120 कोडांतच एकदा टक्कर होण्याची (तोच कोड परत येण्याची) शक्यता पन्नास टक्क्यांवर पोचते. दिलेले कोड साठवा, नवा देताना तपासा, किंवा कोड लांब करा. मी लांबच करतो.

## टप्पा 5: यादी पिसायची असेल तर

परीक्षेचे प्रश्न, खेळाडूंचा क्रम, पत्ते. भाषेत शफल (यादी पिसणारं तयार फंक्शन) असेल तर तेच वापरा, हा टप्पा सोडा.

स्वतः लिहायचंच असेल तर असं लिहा: शेवटच्या जागेवर उभे राहा. पहिल्या जागेपासून *आपल्या जागेपर्यंत*, स्वतःची जागा धरून, एक जागा रँडम निवडा आणि अदलाबदल करा. एक पाऊल मागे या. पहिल्या जागेवर आलात की संपलं. याला फिशर-येट्स म्हणतात.

हमखास चूक अशी की दर वेळी अख्ख्या यादीतून जागा निवडायची. दिसायला जास्त पिसल्यासारखं वाटतं, पण वाटप बिघडतं. तीन नावांचे क्रम 6 आणि या पद्धतीत निवडीचे मार्ग 27. 27 ला 6 ने भाग जात नाही. तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच मार्ग येतात, तिघांच्या चार-चार.

> तपासणी: तीन नावं 2,70,000 वेळा पिसा आणि सहाही क्रम मोजा. बरोबर असेल तर प्रत्येक क्रम 45,000 च्या आसपास, पाच-सहाशेच्या आत. चुकलेल्या पद्धतीत तीन क्रम 50,000 जवळ आणि तीन 40,000 जवळ दिसतील. एकदा डोळ्यांनी बघितलं की ही चूक परत होत नाही.

सॉर्ट दोन नावांची तुलना विचारतो तेव्हा रँडम उत्तर देऊन यादी 'पिसणं' हाही त्यातलाच प्रकार. करू नका.

जाता जाता: 13 नावांचे क्रम 6,22,70,20,800 होतात आणि 32 बिटांच्या सीडच्या शक्यता 4,29,49,67,296. म्हणजे अशा सीडवर तेरा जणांच्या यादीतच काही क्रम कधीच येऊ शकत नाहीत. कॅरमच्या स्पर्धेला चालेल. पैसे लावलेल्या पत्त्यांना नाही.

## टप्पा 6: मोजून बघा

1 ते 10 मधले एक लाख नंबर काढा आणि प्रत्येक किती वेळा आला ते मोजा. अपेक्षा 10,000 ची. बहुतेक डबे (एकेका नंबरची मोजणी म्हणजे एक डबा) 9,800 ते 10,200 मध्ये बसतील. एखादा 9,750 वर गेला तरी चालतं. दहाही डबे 9,999 ते 10,001 मध्ये आले तर मात्र संशय घ्या. इतकं सारखं वाटप रँडममध्ये होत नाही.

नुसत्या डोळ्यांवर जायचं नसेल तर प्रत्येक डब्यातला फरक काढा, त्याचा वर्ग करा, 10,000 ने भागा आणि दहा डब्यांची बेरीज करा. ही बेरीज साधारण 9 च्या आजूबाजूला असते. 16.92 च्या वर ती निर्दोष जनरेटरमध्येही शंभरात पाच वेळा जाते, म्हणून एकदा गेली तर परत चालवा. पुन्हा पुन्हा 30 च्या वर जात असेल तर टप्पा 3 उघडा.

एवढ्यावर थांबू नका. 1, 2, 3 … 10, परत 1, 2, 3 असं नुसतं मोजणारा प्रोग्रॅमही ही बेरजेची परीक्षा पैकीच्या पैकी घेऊन पास होतो. म्हणून मागचा आणि पुढचा अशा जोड्यांचा 10 गुणिले 10 चा तक्ता करा. प्रत्येक घरात 1,000 च्या आसपास हवेत.

ओटीपीसाठी मात्र यातलं काहीच पुरावा नाही. तिथे टप्पा 1 मधली निवडच महत्त्वाची.

## टप्पा 7: चारचौघांसमोरची सोडत

एका कार्यक्रमात एक्सेलवर ड्रॉ चालला होता. रँडबिट्वीनने नंबर काढला, नाव वाचलं, टाळ्या झाल्या. मग कुणीतरी शेजारच्या खान्यात 'पहिलं बक्षीस' असं टाइप केलं आणि एंटर दाबताच स्क्रीनवर विजेता बदलला. पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगत नाही. एक्सेल शीटमध्ये काहीही बदललं की ही फंक्शनं नव्याने आकडा काढतात. एक्सेलच वापरायचं असेल तर नंबर निघताच कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यू चिकटवा, आणि मगच इतर कशाला हात लावा.

पण मी सोडत पायथॉनमध्ये करतो, या क्रमाने:

1. यादी गोठवा. कूपन नंबर चढत्या क्रमाने लावून, छापून फलकावर लावा. एकाची पाच कूपनं असतील तर पाच संधी की एक, आणि एकालाच दोन बक्षिसं चालतील का, हे त्याच कागदावर लिहा.
2. प्रोग्रॅम गोठवा. कोडची प्रत तीन-चार जणांच्या मोबाइलवर पाठवा, पायथॉनची आवृत्तीही लिहा. आवृत्ती बदलली की त्याच सीडवरूनही निवड वेगळी येऊ शकते.
3. सीड लोकांकडून घ्या. भांड्यात 0 ते 9 च्या चिठ्ठ्या टाका. लहान पोरांकडून बारा वेळा चिठ्ठी काढून घ्या. दर वेळी वाचून दाखवा, परत टाका, हलवा. हा बारा अंकी आकडा तुमचा सीड.
4. एकदाच चालवा. शेवटच्या बक्षिसापासून पहिल्यापर्यंत सगळे नंबर एका सॅम्पलमध्ये काढा.
5. निकालाखाली सीड, यादीतली एकूण संख्या आणि आवृत्ती छापा.

क्रम उलटा केलात तर सगळं वाया. सीड आधी माहीत असेल तर यादीत एखादं कूपन घुसवून किंवा काढून हवा तो निकाल आणता येतो. म्हणून यादी आणि कोड आधी, चिठ्ठ्या नंतर.

> सावधान: सीड पूर्णांकात बदलूनच द्या. पायथॉनमध्ये आकडा म्हणून दिलेला सीड आणि अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून दिलेला तोच सीड यांच्या माळा वेगळ्या असतात.

निकालानंतर कुणीतरी "परत एकदा चालवून दाखवा" म्हणेलच. बिनधास्त त्याच्याच लॅपटॉपवर चालवा: तीच यादी, तोच कोड, तीच आवृत्ती, तोच सीड. तेच नंबर त्याच क्रमाने आले पाहिजेत. नाही आले तर वाद घालत बसू नका, आधी यादी सेटमध्ये राहिली आहे का ते बघा.